रद्दीच्या पत्र्यांची खोली

भंडाऱ्याच्या बसस्टँडवर आंब्याच्या रसाचे कागदी डबे पहिल्यांदा आले तेव्हा लोक ते हातात घेऊन उलटेपालटे करून पाहत. कागदात रस राहतोच कसा, भिजत कसा नाही, यावर पानठेल्यावर चर्चा चाले. आमच्या घरात कोणालाच नवल वाटलं नाही. पाणी बाहेर ठेवायचं काम आमच्याकडे कागद तोवर बरीच वर्षं करत होता. माझ्या खोलीचं छत कागदाचं होतं. माझी दोन्ही लेकरं त्याच छताखाली रांगली, आणि त्या छताला पडलेलं सगळ्यात मोठं भोक पावसाने नव्हे, माझ्या बापाने पाडलं.

माझं माहेर सानगडीकडचं, धानवाल्यांचं. सासर भंडाऱ्यातलं, विणकरांचं. विणकराच्या घरात आधी माग राहतात आणि उरलेल्या जागेत माणसं. सत्तरच्या दशकाच्या शेवटी शेवटी मी लग्न होऊन आले तेव्हा पुढच्या खोलीत माग, मधल्या खोलीत माग, आणि माणसांच्या वाट्याला स्वयंपाकघर. मी सासूजवळ चुलीच्या बाजूला झोपायची आणि नवरा मागाच्या खड्ड्याजवळ. अशाने वंश कसा वाढायचा, हा प्रश्न शेवटी आमच्या मामाजींनाच, म्हणजे सासऱ्यांना, पडला असावा. त्यांनी घरामागच्या सांदवाडीत, भाजीपाल्याच्या जागेत, आमच्यासाठी एक खोली उभी केली. भिंती बांबूच्या तट्ट्यांच्या, वरून मातीने लिंपलेल्या. त्यांना कवेलूंचं, म्हणजे कौलांचं, ओझं पेलवणारं नव्हतं आणि टिनाचे पत्रे आम्हाला परवडणारे नव्हते. म्हणून मामाजींनी नागपूरहून ट्रकच्या टपावर घालून रद्दीचे पत्रे आणले. रद्दी कागद भिजवून, दाबून, डांबरात बुडवून केलेले, काळे आणि नागमोडी.

मामाजी त्या पत्र्यांवर भलते खूश होते. कोणी आलं की आधी छत दाखवायचे, मग सून. "याच्यात वकिलायचे कागद आहेत, मास्तरायचे पेपर आहेत," म्हणायचे, "इतकी शिकलेली मंडळी दुसऱ्या कोनाच्या घरावर आहे, सांगा!" येणारा प्रत्येक जण छताची परीक्षा घेई. कोणी टिचकी मारी, कोणी काठीने ढोसे, कोणी आत खरंच कागद आहे का ते पाहायला कोपरा नखाने खरवडे. पावसाचा एक थेंबही शिवायच्या आत पत्र्याची एक कड पाहुण्यांनीच कुरतडली. शेवटी मी तिथे बाभळीची काटेरी फांदी बांधली. उंदरांसाठी आहे, असं सांगितलं.

माझ्या बाबांना हे छत पहिल्या दिवसापासून पटलं नाही. त्यांच्या मते छत म्हणजे कवेलू. दर उन्हाळ्यात वर चढायचं, वानरांनी फोडलेले काढायचे, सरकलेले नीट बसवायचे. याला आमच्याकडे कवेलू फेरणं म्हणतात. ज्या छतावर वर्षातून एकदा चढावं लागत नाही ते त्यांना छतच वाटत नसे. ते मामाजींना म्हणाले, "इवाई, कागदाले पाणी लागलं का लगदा होते. एक थेंब जरी गळला ना, मी पोरीले घेऊन जाईन. कवेलू चढवसान तवाच वापस पाठवीन." इवाई म्हणजे व्याही. दोघेही हसत बोलत होते, पण माघार कोणीच घेणार नव्हतं.

मला हसू आलं नाही. भिंती कवेलू पेलणार नाहीत हे मला ठाऊक होतं. म्हणजे एक थेंब गळला की आधी माहेर, आणि परत आल्यावर पुन्हा चुलीची बाजू. आयुष्यात पहिल्यांदा मला दार लावून केस विंचरायला जागा मिळाली होती. ती मला हवी होती, अगदी हट्टाने हवी होती.

मृग तोंडावर आला आणि बाबा आले. घरचे कवेलू फेरून झाले होते, पण हात अजून शिवशिवत असावेत. सकाळी मी खोलीत अंथरुणाच्या घड्या करत होते. बाहेर शिडी टेकल्याचा आवाज आला. वर काहीतरी करकरलं, डोक्यावर धूळ पडली आणि छतातून एक पाय खाली आला, पार मांडीपर्यंत. नडगीवर विळ्याची जुनी खूण होती. बापाला पायावरून ओळखायची वेळ देवाने दुसऱ्या कोणा लेकीवर आणू नये.

पाय आधार शोधत हवेत फिरत होता. मी खालून ओरडले, "बाबा, वर कायले चढले?"

"फेरून पाहत होतो," वरून उत्तर आलं. "कुठी सरकले-बिरकले असन तं."

आवाज ऐकून मामाजी माग सोडून धावत आले. त्यांनी वर पाहिलं आणि त्या पायाला दोन्ही हात जोडले. "रामराम इवाई! पाण्याच्या पहिले तुमीच गळले?"

नवऱ्याने बाबांना कसंबसं उतरवलं. माणसाने जरा लाजावं की नाही? पण बाबा जमिनीवर पाय टेकताच उलट छाती काढून म्हणाले, "पाहा! मी म्हनत नोहतो? कागद तो कागदच. चाल बाई, बांध गठुडं."

तेव्हा माझं टाळकं सरकलं. सासऱ्यांसमोर आवाज काढायची नव्या सुनेची रीत नव्हती, तरी मी काढला. "बाबा, पाणी गळलं तं नेईन म्हनले होते. तुमी गळले तं नेईन, असं नाही ठरलं."

सासू पदरात तोंड घालून हसली. बाबा वरमले. शेवटी ठरलं की ज्याने भोक पाडलं त्यानेच ते बुजवावं, आणि पहिला मोठा पाऊस येईपर्यंत थांबून निकालही स्वतःच्या डोळ्यांनी पाहावा.

पत्र्याचा एक तुकडा उरला होता. मामाजींनी डांबर तापवून दिलं. बाबांनी आता शिडीवर उभं राहूनच काम केलं. कवेलू बसवतात तसा तो तुकडा त्यांनी वरच्या पत्र्याखाली सारला, म्हणजे पाणी उताराने निघून जावं, आणि कडा डांबराने लिंपल्या. दुपारच्या उन्हाने डांबर मऊ पडलं तर पुन्हा चढून दाबलं. "बस करा इवाई," मामाजी खालून चिडवत, "आता वरतून हत्ती गेला तरी काही होत नाही."

मग पाऊसच येईना. बाबा थांबून राहिले. लेकीच्या सासरी बापाने मुक्काम ठोकणं आमच्यात बरं दिसत नाही, आणि धानवाल्याने मृगात घर सोडणं तर कुठेच बरं दिसत नाही. धानाचे पऱ्हे, म्हणजे रोपं, टाकायचे ते दिवस. "इवाई, पऱ्हे कोन टाकून राहिलं?" मामाजी विचारत. "भाऊ आहे," म्हणून बाबा आभाळाकडे पाहत. दिवसभर माझ्या खोलीच्या दारात बसून इकडचं तिकडचं सांगत. गाय व्याली. तळ्यात यंदा शिंगाडे लावणार आहेत. "तुयी माय बी येडीच आहे," एकदा हसत म्हणाले, "अजून तुयं ताट वाढते अन् मंग उचलून ठेवते."

एका दुपारी पाऊस आला आणि झोडपून आला. बाबांनी ठिगळाच्या बरोबर खाली पितळेचा गंज, म्हणजे पातेलं, ठेवला आणि त्याच्यासमोर मांडी घालून बसले. आम्ही सगळे दाटीवाटीने उभे. छतावर इतका आवाज होता की बोललेलं ऐकू येत नव्हतं. मी त्या गंजाकडे पाहत देवाचा धावा करत होते. पाऊस थांबल्यावर बाबांनी गंज उचलला आणि बुडावरून बोटं फिरवली. बोटं कोरडी होती.

"गळलं नाही," ते म्हणाले.

मामाजींनी टाळी वाजवली. मीही वाजवणार होते, पण बाबांचं तोंड पाहिलं. पैज हरलेल्या माणसाचं तोंड मी शंकरपटात, बैलांच्या शर्यतीत, पाहिलं आहे. हे तसं नव्हतं. ते मला न्यायला आले होते. त्यासाठी एक थेंब पुरला असता, आणि तो थेंब त्यांनी स्वतःच बुजवला होता. कच्चं काम करणं त्यांच्या हाताला जमलंच नव्हतं. मला इतकं भरून आलं की खोलीचा सगळा आनंद कुठल्या कुठे गेला.

बाबा थैली उचलून चपला पायात सारू लागले.

"थांबा बाबा," मी म्हणाले. "मी येतो चार दिवस."

"कायले?" त्यांनी वर न पाहता विचारलं. "तुयं छत तं मजबूत आहे."

"म्हनूनच येतो. वापस येईन तवा खोली जाग्यावर राहीन."

एरवी मामाजी चिडवायची अशी संधी सोडते ना. त्या दिवशी मात्र ते आमच्यापुढे बसस्टँडवर गेले आणि साकोलीच्या गाडीत खिडकीतून रुमाल टाकून दोन जागा धरून ठेवल्या. गाडी सुटली. बाबांच्या पलीकडे एक अनोळखी गृहस्थ बसले होते. नदीपलीकडचं कारधा यायच्या आधीच बाबा त्यांच्याकडे वळले.

"पोरीच्या घरचं छत कागदाचं आहे," ते म्हणाले, "पन एक थेंब गळत नाही. ठिगळ म्या लावलं."