निळा डिंक आणि खोलातली वाळू

आमची आत्या तेल कंपनीत दगड बघायची. जमिनीच्या पोटातून दगडाचे दंडगोल वर आले की त्यांच्या कागदाहून पातळ चकत्या घासायच्या आणि भिंगाखाली धरायच्या, हा तिचा धंदा. आजी कपाळाला हात लावायची, "पोरीनं धोंड्याशीच सूत जमवलंय. जावई कुठून आणू?"

त्या साली कंपनीची सगळ्यांत खोल विहीर बुजवायचं घाटत होतं. साहेबांचं म्हणणं सरळ होतं. वाळू खोल गाडली गेली की वरच्या भारानं कण दाबले जातात. शिवाय गरम पाण्यात विरघळलेली गार, म्हणजे गारगोटीचा दगड, त्या कणांवर चढते आणि उरलीसुरली फट लिंपून टाकते. तेलानं राहायचं कुठं?

आत्याच्या चकतीत मात्र भोकंच भोकं.

"साहेब, कणांवर हिरवट मातीचा लेप आहे. अगदी सुरुवातीला बसलेला. त्यावर गारेला पाय रोवता येत नाही. कणांमधली जागा शाबूत आहे."

"जागा? बाई, घासताना कण निखळलेत. ही भोकं तुमच्या हातची!"

आत्यानं जीभ चावली. कारण घाई नडली होती. घासण्याआधी दगडात निळा डिंक भरायचा, हा धंद्यातला पहिला धडा, तोच ती विसरली होती. मूळच्या फटी डिंकानं निळ्या होतात, निखळलेल्या कणांची भोकं कोरी राहतात. आता कोणती कुठली, कोण सांगणार?

"उद्या दुपारपर्यंत थांबा. चुकले तर विहिरीत आधी मला टाका."

"तुम्हाला टाकलं तर सिमेंट वाचेल हो!"

सगळे खिदळले, आत्यासुद्धा. मग पदर खोचून कामाला लागली. नवा तुकडा कापला, हवा शोषून काढली, डिंक मुरवला, सुकवला, जीव मुठीत धरून घासला.

दुपारी साहेबांनी भिंगाला डोळा लावला आणि तो काढीचनात. हिरव्या काठाचे कण आणि मध्ये निळंच निळं.

"या कोपऱ्यातली दोन-चार कोरी आहेत ना, ती माझी," आत्या म्हणाली. "बाकीची जमिनीची."

विहीर बुजवायची राहिली. त्याच थरावर चाचणी लावली. झडप उघडली तसा पाइप थरथरला, खाकरला, आणि काळंभोर तेल असं उसळलं की साहेबांचा पांढरा शर्ट ठिपक्याठिपक्यांचा झाला.

"धुऊ नका हां," आत्या गदागदा हसत ओरडली, "तेवढाच पुरावा!"