थोरल्या जावेचा आवाज

शालन भोईटे बोलायला लागली की तीन घरं पलीकडं कळतं, आज हिच्याकडं वांगी आहेत. यात तिचा दोष नाही. कुपवाडच्या कारखान्यात तिनं उमेदीची सगळी वर्षं प्रेस मशिनीशेजारी उभं राहून काढली. त्या धडधडाटात शेजारणीकडं पाणी मागायचं तरी ओरडावं लागे. पुढं काम सुटलं, आवाज राहिला.

तिचं सासर फलटणजवळ. नवरा उदयसिंह कुपवाडला फौंड्रीत होता, म्हणून ती तिथं एका खोलीत. गावाकडं सासरे, म्हणजे आबा, आणि धाकटी जाऊ विजयमाला. विजयमालाचा नवरा नानासो सैन्यात, सुट्टी मिळेल तेव्हा घरी येणारा. शालनचा जयराज पाचवीत गेला तेव्हा घरच्यांनी ठरवलं, पोरगं गावाकडं राहू दे. कुपवाडला आईबाप दोघंही कामावर. गावात दूधदुभतं आहे, फलटणला शाळा आहे, आणि काकू आहेच. शालनही हो म्हणाली होती, हे ती नाकारत नाही. पण ते ‘काकू आहेच’ तिच्या घशात अडकलं ते आजतागायत.

दहावी करून जयराज कुपवाडला परत आला. आमटीचा पहिला भुरका मारून म्हणाला, “काकू यात चिंच घालत नाही.” शालननं दुसऱ्या दिवशी दुप्पट चिंच घातली. तो कॉलेजच्या होस्टेलवर निघाला तेव्हा बॅगेत काकूनं शिवलेली उशीची खोळ होती. पहिल्याच सुट्टीत धुवायला आलेली ती खोळ शालननं फाडून गॅस पुसायला घेतली. विचारल्यावर म्हणाली, “विरली होती.” चांगली घट्ट होती.

आता जयराज पुण्यात एका कंपनीत व्हिडिओ गेम बनवतो. कंपनीचा नवा गेम दिवाळीत येणार आहे, आणि त्यात एक गुप्तहेर बाई आहे, ही बातमी शालननं गल्लीभर केली.

“बंगल्यात सैपाकीण म्हणून ऱ्हाती आन् मालकाची भानगड शोधती,” ती सांगायची. “मारामारी न्हाई. सगळं लपूनछपून. जरा आवाज झाला, की खेळ खलास.”

मग घरच्या ग्रुपवर त्या गेमची छोटी जाहिरात आली. खंडाळ्याकडच्या डोंगरातला बंगला. दुपारची सामसूम. स्वयंपाकघरातून एक बाई निघते. दोन्ही हातांतल्या बांगड्या कोपरापर्यंत वर सरकवून घट्ट बसवते, पदर खोचते, आणि तळपायाच्या बाहेरच्या कडेवर भार देत चालू लागते.

सेवानिवृत्त नानासोंनी सगळ्यांच्या आधी लिहिलं, “ही तर आमची मंडळी!”

शालननं जाहिरात परत पाहिली. मग आवाज बंद करून पाहिली. चेहरा कुणा परक्या बाईचा होता. चाल विजयमालाची होती. बांगड्या चढवताना खालचा ओठ आत घ्यायची खोडसुद्धा तिचीच.

तिनं फोन लावला. “तुला आई दिसली न्हाई व्हय रं हेरगिरीला?”

“आई, तू आणि लपून?” जयराज मनापासून हसला. “रविवारी गावाला जातोय. काकूचे आवाज रेकॉर्ड करायचेत. पावलं, भांडी वगैरे.”

“मी बी येते.”

“तू कशाला एवढ्या लांब?”

“माझं सासर हाय ते.”

रविवारी गावच्या स्वयंपाकघरात पंखा बंद, फ्रिज बंद. जयराजनं केसाळ टोपी घातलेला माइक काकूच्या पावलांशी धरला होता आणि कानांवर हेडफोन चढवून तो डोळे मिटून ऐकत होता. पोराचा असा निवांत चेहरा शालननं कुपवाडला कधी पाहिला नव्हता. ती कोपऱ्यात पाटावर बसली होती.

“अक्का, जरा…” विजयमाला चाचरली.

“गप बसा म्हणतीस व्हय?”

“तसं न्हाई आवं. तुमची जोडवी वाजत्यात.”

शालननं पाय पोटाशी घेतले. थोड्या वेळानं तिला खोकला आला. तो खरा होता. त्याच्या मागून आलेला खरा नव्हता.

“आई!”

“घसा हाय, बाबा. बटन न्हाई त्येला.”

मग विजयमालानं पितळी डबा घेतला. झाकणाची कड अंगठ्यानं दाबून असा उघडला, की डब्यालाही कळलं नसेल. जयराज पुटपुटला, “भारी, काकू.”

“एवढं कुठं शिकलीस गं?” शालननं विचारलं. “चोऱ्या करत हुतीस का काय माझ्या सासऱ्याच्या घरात?”

“केल्या की,” विजयमाला हसली. “तुमच्याच पोरापायी.”

आणि मग दोघांनी मिळून सांगितलं. आबांना गेमचं दुकान म्हणजे जुगाराचा अड्डा वाटायचा. म्हणून सुट्टीच्या दिवशी दुपारी आबा बाहेरच्या सोप्यात झोपले, की काकू बांगड्या वर चढवायची, लाडवांचा डबा उघडून त्याच्या खिशात लाडू घालायची आणि मागच्या दारानं त्याला फलटणला न्यायची. तो आत खेळायचा. ती दुकानाच्या पायरीवर भाजीची पिशवी घेऊन बसायची, कुणी पाहिलं तर बाजाराला आली म्हणून. सांगतानाही एकानं आठवण काढायची, दुसऱ्यानं पुरी करायची. दुपारच्या या चोऱ्या बरीच वर्षं चालल्या होत्या.

त्या दुपारी शालन मशिनीपाशी ओव्हरटाइमला उभी असायची. तिला वाटायचं, पोरगं आत्ता जेवून निजलं असेल.

“मला कुणी सांगितलं न्हाई,” ती म्हणाली.

“तुला सांगितलं असतं तर गावाला कळलं असतं,” जयराज हसत म्हणाला.

“माझं काय हाय रं तुज्या खेळात?”

त्यानं हेडफोन उतरवले. काहीतरी गोड बोलावं म्हणून तोंड उघडलं, पण खरं तेच बाहेर पडलं.

“आई, तू कुपवाडला होतीस.”

विजयमालानं डबा खाली ठेवला. “उगं काय बोलतोस? आवं अक्का, तुमी सणाला यायच्या तवा तर आमची चंगळ. तुमी सोप्यात मामंजींसंगं वाद घालाय लागल्या, की सगळ्या घराचं ध्यान तिकडं. त्येवड्यात आमी पसार!”

“म्हंजे मी बोंबलायचं आन् तू माझं पोरगं घेऊन हिंडायचं?”

पण जयराज ताठ बसला होता. “आई, थांब. पहारेकऱ्यांना जागेवरून हलवायला आम्ही दगड टाकतो, शिट्ट्या वाजवतो. सगळ्या गेममध्ये तेच असतं. इथं माणूस पाहिजे. फाटकाशी येऊन भांडणारी भाजीवाली. ती भांडते, पहारेकरी बघायला जातात, आणि आतली निसटते.”

“बाई भांडाय लागली की बघाय येत्यातच,” शालन म्हणाली. तिला हे फारसं आवडलं नव्हतं. “हिला हेर केलंस आन् मला भाजीवाली.”

“भाजीवालीशिवाय हेराला पुढंच जाता येणार नाही. टीमला विचारायला लागेल, पण आवाज आत्ता घेऊ. भांड.”

“कुणासंगं?”

“काकूशी. ती तुझ्या मेथीला सडकी म्हणाली, असं समज.”

शालननं पदर सावरला, माइककडं पाहिलं आणि शाळेच्या गॅदरिंगमधल्या मुलीसारखं म्हणाली, “काय बाई, ताजी तर आहे मेथी. कुठं सडकी?”

“अक्का, लाजताय व्हय?” विजयमाला तोंडावर हात धरून म्हणाली. “येरवी सांगलीपतोर ऐकू जातं.”

“जातंय तर जाऊ दे!” शालन उसळली. “तुजं कुठं ऐकू जातंय? समदं गपचिप. पोरगं बी गपचिप नेलंस. हितं धाडलं तवा माजं हुतं. परत आलं त्ये पावण्यावानी. काय इचारलं तर बोलायच्या आदी तुज्याकडं बघायचं. मी समोर बसलेली असले तरी!”

“मी नेलं? तुमी धाडलं!” विजयमालाचा आवाज चढला. “मी मागाय आले हुते का? सुट्टी लागली की तुमी यायच्या आन् घेऊन जायच्या. माज्या पदरात काय हुतं? मालक सरहद्दीवर, आन् घरात मामंजींचा खोकला. तुमी येनार म्हटलं की पोरगं सकाळपासनं फाट्यावर. मी जेवाय हाका मारायची, वळून बघायचं न्हाई. मला काय वाटत असंल?”

“मला वाटलं त्येवडं न्हाई!”

“तुमच्या वाटण्याला माप हाय व्हय?”

“हाय! मी आई हाय त्येची!”

“मग मी कोन हाय?”

त्या घरात विजयमालाचा एवढा मोठा आवाज कुणी ऐकला नव्हता. अंगणातले नानासो दारापर्यंत आले, आत डोकावले आणि आल्या पावली परत गेले.

दोघी धापा टाकत उभ्या राहिल्या. जयराजच्या हातातल्या यंत्रावर तांबडा दिवा लागलेला होता.

“चालू हुतं?” विजयमालानं विचारलं.

“हो.”

“काढून टाक रं त्ये.”

“ठेव,” शालन म्हणाली.

“आई, हे घरातलं आहे. जगभर लोक खेळणार.”

“खेळू देत. हिला चाल दिलीस, हात दिलंस, समदी बाईच दिलीस. येवडं माजं ऱ्हाऊ दे.”

जयराजनं सवयीनं काकूकडं पाहिलं. विजयमालानं पाठ फिरवली होती. ती मोरीपाशी जाऊन बसली आणि तिनं नळ सोडला. मग त्याला आईकडंच बघावं लागलं. शालन नजर न हलवता उभी राहिली, त्याचं बोट बटणावर जाईपर्यंत, आणि ते पुसायचं नाही, ठेवायचं बटण आहे हे कळेपर्यंत.