तिसरी उमेदवार

आजार आणि समाज यांचं नातं हा माझा विषय. हरसूलच्या पाड्यांवरच्या बायका दवाखान्याआधी भगताकडे का जातात, हे विचारत मी कितीतरी वर्षं फिरले. पण नव्वदच्या दशकात या विषयाला नाशकात नोकरीच नव्हती. मेडिकल कॉलेजवाले म्हणत, आर्ट्सला जा. आर्ट्सवाले म्हणत, मेडिकलला जा. जायचं कुठं, खड्ड्यात?

मग तालुक्याच्या एका कॉलेजच्या प्राचार्यांचा फोन आला. समाजशास्त्राची जागा निघाली होती आणि माणूसही ठरला होता. पण मुलाखतीला तीन उमेदवार तरी दाखवावे लागतात. "मॅडम, नुसतं येऊन बसा."

गेले. निदान ओळख तरी राहील.

तज्ज्ञांनी सहज एक प्रश्न विचारला आणि मी सुटलेच. दवाखान्यात मजुरी बुडते, वर नर्सची बोलणी खावी लागतात. भगत निदान ऐकून तरी घेतो. तज्ज्ञ चहा विसरून ऐकत होते. मला वेडीला वाटलं, जमलं!

प्राचार्य दारापर्यंत सोडायला आले. "मॅडम, काय बोललात! पुढच्या महिन्यात आमच्या दुसऱ्या कॉलेजात मुलाखती आहेत. तिथंही तिसरं कुणी मिळत नाहीये. याल ना?"

मी विचारलं, "किती वाजता?"