लिंबोणीच्या मुळातली तारली

माझ्या धाकट्या जावेचं माहेर मालवणच्या किनाऱ्याला. घाटाखालची सून केली म्हणून भावकीत सगळ्यांनी नाकं मुरडली, त्यात सगळ्यात पुढं माझं नाक. महाराज गादीवर येऊन चार-पाच वर्षं झाली असतील तेव्हा. कोल्हापुरातल्या आमच्या घरात चूल माझ्या ताब्यात होती आणि तिच्यावर काय चढायचं ते मीच ठरवायची.

धाकटी बाळंत झाली आणि तिला दूधच येईना. मी हयगय केली नाही. अळिवाची खीर झाली, डिंकाचे लाडू झाले, शेपू झाली. पोर मात्र रडून रडून निळं पडायचं. पाचव्या दिवशी ती मला हळूच म्हणाली, "आक्का, माका सुक्या तारल्यांचा सार देशात? दूध येयत."

तिच्या माहेरी बाळंतिणीला तेच देतात म्हणे. तारली म्हणजे वीतभरसुद्धा नसलेली मासळी, झुंडीनं किनाऱ्याला लागते. अंगात तेल इतकं की सार उकळलं की वर तवंग धरतं. गरिबाचं तूप ते, असं ती सांगायची. बापाला तिनं आधीच निरोप धाडला होता.

गाठोडं आलं ते गूळ न्यायला येणाऱ्या एका गाडीवानाबरोबर, माडाच्या झावळीत बांधलेलं. वास सगळ्या आळीत पसरला. दारात ते टाकताना गाडीवान हसत म्हणाला, "वहिनी, खाली कोकणात ही माडाच्या मुळात खत म्हणून घालत्यात की."

जास्तीची मासळी झाडाला घालतात, एवढंच त्याचं म्हणणं असणार. मला मात्र आयतं निमित्त सापडलं. आमच्या घरच्या सुनेनं खत खायचं होय? परसात लिंबोणी होती. तिच्या बुडाशी हातभर खड्डा घेतला आणि गाठोडं उघडून सगळी तारली पुरून टाकली. धाकटीनं विचारलं तेव्हा "काय आलं न्हाय अजून" म्हणाले. तिनं तीनदा विचारलं, मी तिन्ही वेळा तेच सांगितलं.

पोर जगलं ते शेजारच्या मुसलमान पिंजाऱ्याच्या सुनेमुळं. तिचं मूल अंगावर पीत होतं, तिनं आमचंही पदराखाली घेतलं. तिथं मला घराण्याची अब्रू आठवली नाही. कशी आठवेल? पोर मेलं असतं तर पाप माझ्या माथी होतं, आणि ते मला पक्कं ठाऊक होतं.

दीड महिन्यानं धाकटीचे वडील घाट चढून पायी आले. नात बाळसं धरलेली पाहून म्हातारा खुलला. मी पाण्याचा तांब्या घेऊन उभी होते, तेवढ्यात त्यांनी लेकीला विचारलं, तारले गावले मां गो?

धाकटीनं माझ्याकडं पाहिलंही नाही. म्हणाली, "खाल्लंय बाबा. आक्कांनी रोज सार करून घातल्यानी."

म्हातारा उठला, मुंडासं काढून खाली ठेवलं आणि वाकून माझ्या पायांना हात लावला. मी त्यांच्या लेकीच्या वयाची. मागं सरायला हवं होतं. मी सरले नाही.

ते गेल्यावर मी धाकटीला गाठलं. तुला कळलं होतं का, असं विचारलं. तिला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. मांजरं रोज लिंबोणीखाली उकरत बसायची आणि बाळंतिणीच्या खोलीची खिडकी परसाकडंच होती. मग बोलली का नाहीस, म्हणून मीच तिच्यावर चिडले. तेव्हा तिनं मला नीट समजावं म्हणून आमच्या बोलीत, एकेक शब्द लावत सांगितलं, "सांगितलं असतं तर बाबांनी परत आणली असती, आक्का. आन् तुमी परत पुरली असती."

तिचं खरं होतं. पुरलीच असती मी. ती जाऊन आता बरीच वर्षं झाली. "चुकले गं" एवढं म्हणायला मला तिच्यासोबत तीस वर्षं मिळाली होती.