डोक्याकडची जागा

"लेट जा तू," मॅडम म्हणाल्या.

मी फरशीवर आडवी झाले. बालाघाटच्या नर्सिंग कॉलेजातला आमचा प्रॅक्टिकलचा तास. डोक्याला, मणक्याला मार लागलेल्या मरीजाला कुशीवर कसं वळवायचं, ते शिकायचं होतं. चार जणींनी मिळून, लाकडाच्या ओंडक्यासारखं, एकदम. एक जण डोक्याकडे उभी राहते. ती मान धरते आणि हुकूम देते. बाकीच्या तिघींनी तिचं ऐकायचं. मान मुरडली तर माणूस जन्माचा खाटेवर.

"ग्लोव्हज पहन लो," मॅडम मुलींना म्हणाल्या.

कपाटात डमी होती. प्लास्टिकमध्ये गुंडाळलेली. इन्स्पेक्शन आलं की बाहेर निघायची, साहेब गेले की पुन्हा आत. ती मळू नये म्हणून दर वेळी मी झोपायची. पहिल्या दिवशी मॅडमनी आडनाव विचारलं होतं. मग, "बुद्धविहाराच्या मागची का?" मी हौ म्हटलं. तिथंच माझी जागा ठरली.

ग्लोव्हजचं मला आधी काही वाटलं नाही. दवाखान्याचं काम, घालत असतील. एकदा मला ताप होता. लालबर्रा गावची एक मुलगी माझ्याऐवजी झोपली. ग्लोव्हजचा खोका कपाटातच राहिला. कोणी मागितला नाही. मी भिंतीला टेकून पाहत होते. सगळ्यांचे उघडे हात तिच्या खांद्यावर, कमरेवर. मी उठले, म्हटलं मीही करते. "तू बैठ, बीमार है." मी बसले. दमले होते. रागवायलाही अंगात जोर लागतो.

घरी आई विचारायची, "आज काय शिकली वं?" मी म्हणायची, "झोपून होती." ती हसायची. "बरं हाये. मले नाई भेटत झोपाले."

मग वॉर्डात ड्यूटी लागली. राइस मिलमधला एक हमाल आला. धानाच्या बोऱ्यांच्या थप्पीवरून पाठीवर पडलेला. शुद्धीत होता. त्याच्या बायकोनं माझा हात धरला.

"बाई, यायचे पाय काहून हालून नाई राह्यले?"

सिस्टर मला म्हणाल्या, "सेकंड इयर ना? गर्दन पकड."

मी डोक्याकडे गेले. बोटं कुठं ठेवायची, अंगठा कुठं, मला कळेना. पुस्तकातलं चित्र पाठ होतं. हातांना काहीच पाठ नव्हतं. तो माणूस खालून माझ्याकडे पाहत होता. त्याची ती नजर मला ओळखीची होती. मीही अशीच खालून पाहायची.

"हट," सिस्टर म्हणाल्या. लालबर्र्याची मुलगी पुढे आली. तिनं मान बरोबर धरली. हुकूम दिला, तिघींनी एकदम वळवलं, माणूस सरळ कुशीवर आला. चांगलं केलं तिनं. ते ती माझ्या मानेवर शिकली होती.

मी बाहेर जाऊन नळावर तोंड धुतलं. रडले नाही.

पुढच्या तासाला मॅडम म्हणाल्या, "चल, लेट जा."

"नाही मॅडम. मी आज डोक्याकडे उभी राहते."

"फिर लेटेगा कौन?"

"डमी काढा."

"वो इन्स्पेक्शन की है."

"मग पाळी लावा. सगळ्यांची. अन् ग्लोव्हज घालायचे तर सगळ्यांसाठी घाला."

मागून कोणीतरी म्हणालं, "अरे, नेताजी आ गई!" मुली हसल्या. मॅडम हसल्या नाहीत. "प्रॅक्टिकल के नंबर मेरे हाथ में हैं, समझी?"

"समजली."

मी डोक्याच्या बाजूला जाऊन उभी राहिले. फरशी रिकामी. कोणी झोपलं नाही. लालबर्र्याची मुलगी खाली पाहत राहिली. तास तसाच संपला.

आता मुली माझ्याशी बोलत नाहीत. माझ्यामुळे त्यांचं शिकणं अडलं म्हणतात. माझं अडलं होतं तेव्हा कोणाच्या ध्यानातही आलं नव्हतं. धानाच्या रोवणीहून आलेल्या आईला मी चटईवर झोपवते आणि तिची मान धरून पाहते. कधी कधी ती तशीच झोपी जाते. पण एकटीनं ओंडका वळत नाही. त्याला अजून तिघी लागतात.

म्हणून प्रत्येक तासाला मी त्याच जागेवर जाऊन उभी राहते. नंबर कापा. नापास करा, पुढच्या वर्षी पुन्हा तिथंच उभी दिसेन. फरशीवर आता मी माझ्या पाळीलाच झोपेन. मान धरेन, हुकूम देईन, आणि तो तुम्हाला ऐकावा लागेल.