स्विस खेळाडूची बोलणी

मी आजवर बरीच लग्नं जमवली. जी मोडली, ती मुलांच्या आयांमुळे मोडली. अमेरिकेत आल्यावर मात्र मी एकाच माणसाची बोलणी केली, आणि तो नवरा मुलगा नव्हता. स्वित्झर्लंडचा फुटबॉल खेळाडू होता, दोन पोरांचा बाप.

माझा मुलगा तेव्हा श्रूजबरीला राहत होता. तो आणि सून कामावर गेले की मी त्यांच्या फ्रीजमधलं शिळं काढून फेकायची. सुनेला ते आवडेना. तिने माझं नाव लायब्ररीतल्या इंग्रजीच्या वर्गात घातलं. चौथीनंतर मी बाकावर बसले ती थेट तिथेच.

वर्गात दोघादोघांना समोरासमोर बसवून बोलायला लावत. माझ्या वाट्याला हा आला. पस्तिशीचा, केस विरळ झालेले, बसताना एक पाय लांब सोडून बसायचा. फळ्यावर प्रश्न होता, तुम्ही काय काम करता?

"फुटबॉल खेळतो," तो म्हणाला.

"खेळतोस ते कळलं. काम काय करतोस?"

"हेच. पगार मिळतो."

"यंदा गोल किती केलेस?"

"एकही नाही."

"मग पगार कशाचा?"

त्याने जरा विचार केला. "मी मैदानात मधे असतो. मागच्यांकडून चेंडू घ्यायचा, पुढच्यांना द्यायचा."

आमचं हे बोलणं मोडक्या इंग्रजीत चालायचं. त्याचंही मोडकं, माझंही मोडकं. इथे मी सरळ मराठीत लिहिते, नाहीतर वाचणारा कंटाळेल.

हळूहळू त्याची सगळी हकिकत कळली. बाप बस चालवायचा. हा गावच्या संघात खेळला, मग मोठ्या शहरात, मग जर्मनीत. एकदा देशाच्या संघातही बोलावलं, तिथे थंडीत बाकावर बसवलं आणि घरी पाठवलं. गुडघा गेल्यावर अमेरिकेतल्या क्लबने घेतलं. आपल्याकडे रिटायर झालेले मास्तर खाजगी क्लासला लागतात, तसं. आता ही शेवटची पाळी होती. खेळणं संपलं की व्हिसा संपणार. क्लबमध्ये पोरांना शिकवायची नोकरी मिळाली तरच राहता येणार.

"आणि नाही मिळाली तर?"

"सासऱ्याचं बाथरूमच्या टाइल्सचं दुकान आहे. तिथे बसायचं. वर खोली काढून ठेवलीय आमच्यासाठी."

म्हणजे घरजावई. ते टळलं पाहिजे हे मला लगेच पटलं.

ऑक्टोबरात त्याचा इंटरव्ह्यू ठरला. वर्गातल्या बाईंनी तयारी करून घेतली. "म्हणा, मी उत्तम आहे." हा कानापर्यंत लाल. "मी वाईट नाही," म्हणाला. बाई म्हणाल्या, असं नाही चालत, पुन्हा. पुन्हाही तेच.

बाई दुसऱ्या टेबलाकडे गेल्यावर तो मला म्हणाला, "आमच्याकडे स्वतःची स्तुती करणाऱ्याला लोक हसतात."

"आमच्याकडेही हसतात. म्हणून सोबत मोठं माणूस न्यायचं असतं. मुलाने मान खाली घालून पोहे खायचे. बोलायचं ते मोठ्यांनी."

त्याने हे फार लक्ष देऊन ऐकलं. मग विचारलं, "मावशी, तुम्ही याल?"

मावशी म्हणायला मीच शिकवलं होतं.

घरी सांगितलं तर मुलाने कपाळाला हात लावला. "आई, इंटरव्ह्यूला कुणी आपल्या माणसाला घेऊन जात नाही. प्लीज, कॅन्सल कर."

"तुझ्या इंटरव्ह्यूला मी आले असते तर मागे तुझा लेऑफ झाला नसता."

सून तोंड फिरवून भांडी लावू लागली. ती हसत होती.

पण पाहिल्याशिवाय मी कधी कुणासाठी शब्द टाकलेला नाही. त्याच्याकडून पास घेऊन सुनेबरोबर एक सामना बघायला गेले. चेंडूकडे बघितलंच नाही, याच्याकडेच बघत बसले. पळणं बेताचं. हात मात्र सारखे चालू, तू तिकडे हो, तू मागे ये. लग्नाच्या पंगतीत असा एक जण असतो. स्वतः एक बादली उचलत नाही. इकडे वरण, तिकडे भात, एवढं सांगत फिरतो. पण तो उठून गेला की पंगत विस्कटते. उत्तरार्धात याला बाहेर काढलं, आणि याच्या संघाने दोन गोल खाल्ले. मला पुरेसं होतं.

क्लबच्या ऑफिसात टोपी घातलेला एक धिप्पाड साहेब होता. त्याला वाटलं मी दुभाषी. कुठल्या भाषेची, ते त्याने विचारलं नाही.

साहेब म्हणाला, "तुमची मोठी कामगिरी कोणती?"

हा माझ्याकडे बघू लागला. मी बोलायला लागले. आमची रीत अशी, की खोट आधी सांगायची, म्हणजे मागून कुणी तोंड वर करत नाही. "गुडघा कामातून गेलाय. गोल करत नाही. बोलतो कमी. बिअर पितो, पण घरी पितो. आता गुण ऐका."

पंगत मी इंग्रजीत कशीबशी समजावली. साहेबाने टोपी काढून पुन्हा घातली. मग म्हणाला, लहान पोरांचा एक गट देतो, मार्चपर्यंत बघू कसं जमतं.

"बघू म्हणजे?" मी म्हटलं. "ठेवून घ्यायचा आणि नाही आवडला तर परत पाठवायचा?"

"हो, साधारण तसंच."

यावर काय करायचं ते मला पक्कं ठाऊक होतं. मी उठले. याला म्हटलं, ऊठ. तोही उठला. आमच्याकडे एक पाय चपलेत गेला की आतून आवाज येतो, "अहो, बसा, चहा तरी घ्या." इथे चपलेच्या जागी कोट असतो. मी तो सावकाश घातला. मग टोपी. मग हातमोजे, एकेक बोट करून. साहेबाने आमच्यासाठी दार उघडून धरलं आणि दिवस चांगला जावो म्हणाला.

आम्ही गाडीत जाऊन बसलो.

"आता?" त्याने विचारलं.

"आता येतील बोलवायला."

काचांवर वाफ धरली. बऱ्याच वेळाने साहेब बाहेर आला. मी म्हटलं, बघ. साहेब त्याच्या गाडीकडे गेला, डबा काढला, आमच्याकडे बघून हात हलवला आणि आत गेला.

"मावशी," तो म्हणाला, "मला टाइल्स नाही विकायच्या."

"मग मला काय सांगतोस? त्याला जाऊन सांग."

तो उतरला, लंगडत गेला. मी थंडीत बसून होते. किल्ली तो घेऊन गेला होता, त्यामुळे हीटरही नाही. परत आला तेव्हा पुन्हा कानापर्यंत लाल.

"काय म्हणालास?"

"मला ही नोकरी पाहिजे म्हणालो. मार्च तर मार्च."

"आणि?"

"मी चांगला आहे म्हणालो."

"किती चांगला?"

"खूप," तो म्हणाला आणि गाडी सुरू केली. माझी रीत तिथे चालली नाही ती नाही. पण आत बसून राहिलो असतो, तर हा जन्मात तोंड उघडता ना.

मार्च आला, गेला. ठेवलं असं त्याला कुणी सांगितलं नाही, काढलं असंही सांगितलं नाही. मग एक दिवस वर्गात तो क्लबचा जाड कोट घालून आला, पाठीवर मोठ्या अक्षरात कोच. त्यावरून काय ते कळलं. बाईंनी टाळ्या वाजवायला लावल्या. मी त्याला सांगितलं, धुताना उलटा करून धू, नाहीतर अक्षरं जातील.