झंबिलाची शपथ

माझी वहिनी झंबिला हिच्या हातचं पाणी आमच्या वस्तीत आता कोणी पीत नाही. मी पितो. तिच्या दारातल्या बाकावर बसून, रस्त्यावरच्यांना दिसेल असं पितो. बघणाऱ्यांनी खुशाल बघावं.

आम्ही तांबट जिप्सी. डोंगराकडच्या रोमानियन लोकांना प्लमची दारू गाळायला तांब्याच्या भट्ट्या लागतात, त्या आम्ही ठोकतो. माझा थोरला भाऊ स्पिरू भट्टी उत्तम ठोकायचा आणि तिच्यातून निघेल ते मनापासून प्यायचा. त्यातच गेला. वहिनीच्या पदरात एकुलता एक टोडोर. मला जमलं तेवढं मी केलं, पण मलाही चार पोरं. खरी मदत केली ती हॉलंडहून आलेल्या वाउटर पाद्र्याने. त्याला मी कितीही शिव्या घालीन, पण हे नाकारणार नाही. हिवाळ्यात त्याने लाकडं पुरवली, टोडोरला शाळेत बसवलं, चाळिशी उलटलेल्या वहिनीला अक्षरं शिकवली. ती बोट ठेवून वाचायची आणि एक ओळ संपली की माझ्याकडे अशी बघायची जणू एखादी भट्टी एकटीने उभी केली आहे.

मग वहिनी त्याच्या चर्चला जाऊ लागली. वस्तीत अशांना ‘पश्चात्तापवाले’ म्हणतात. आधी ती बाजारात कवड्या टाकून भविष्य सांगायची. ते पाप म्हणून तिने कवड्या नदीत फेकल्या.

मी म्हटलं, “वहिनी, फेकल्यास खऱ्या, पण आता खाणार काय? स्तोत्रं?”

“तुमचं डोकं खाईन, भाऊजी,” ती म्हणाली. “तसंही कोणी वापरत नाही ते.”

अशी होती. पुढे टोडोर स्पेनमध्ये संत्री तोडायच्या कामावर गेला. दर नाताळला यायचा. तेवढं वहिनीला पुरत होतं.

मग वस्तीतली म्हातारी पपिना अंथरुणाला खिळली. तिच्या गळ्यात सोन्याच्या जुन्या नाण्यांची माळ होती, आजीच्या आजीपासून आलेली. सगळ्या वस्तीला ती माळ ठाऊक. म्हातारीचं सगळं अंथरुणातच व्हायला लागलं, तेव्हा तिच्या सुना नाकाला रुमाल लावून बाहेर बसल्या. आमच्यात कमरेखालच्या कपड्यांचा फार विटाळ. ते वेगळ्या टोपात धुवायचे, आणि परक्या बाईचे तर कोणी हातातसुद्धा धरत नाही. वहिनीने धरले. पाद्र्याने शिकवलं होतं, आजाऱ्याची सेवा करा म्हणून. ती रोज जायची, म्हातारीला पुसायची, तिचे घागरे धुवायची. म्हातारी गेली तीही वहिनीच्या हातावर. आणि आंघोळ घालायला बायका जमल्या तर गळ्यात माळ नाही.

पपिनाचा मुलगा बोबू ओरडायला लागला, “शेवटी आईजवळ होतं कोण? सांगा ना, कोण होतं?”

कोण होतं हे सगळ्यांना माहीत होतं. बोबूच्या घरातली अर्धा डझन माणसं तिथून येत-जात होती, तेही सगळ्यांना माहीत होतं. पण त्यांचं नाव कोण घेणार?

पंचायत बसायचं ठरलं. मला काळजी वाटली नाही. आमच्या पंचायतीत पुरावा मागत नाहीत, शपथ मागतात. मेणबत्ती पेटवायची, मरियामातेची तसबीर आणि पाव पुढे ठेवायचा, आणि पोटच्या पोरावर शपथ घ्यायची. ती खोटी घेऊन कोणी सुखाने जगत नाही असं लहानथोर सगळे मानतात. म्हणून शपथ घेतली की विषय मिटला. वर संशय धरणाऱ्यालाच माफी मागावी लागते. वहिनीला एक वाक्य बोलायचं होतं, बस.

पण ती म्हणाली, “भाऊजी, मला शपथ चालत नाही.”

“चालत नाही म्हणजे? दूध आहे का ते, पचायला?”

“होयला होय म्हणायचं, नाहीला नाही. त्यापुढे जे काही ते पाप. ब्रदरनी शिकवलंय.”

मी तिला तडक पाद्र्याकडे घेऊन गेलो. हा शहाणा माणूस आहे, समजून घेईल, असं मला वाटलं होतं.

“ब्रदर, एकदाच घेऊ द्या हिला शपथ,” मी म्हटलं. “नाहीतर हिला वाळीत टाकतील.”

त्याने प्रार्थनेला हात जोडले. मग म्हणाला, “सिस्टर झंबिला, ही तुमच्या विश्वासाची परीक्षा आहे. देवावर भरवसा ठेवा.”

“मग तुम्ही तरी चला,” वहिनी म्हणाली. “पंचांना सांगा, तुमच्या चर्चमध्ये शपथ घेत नाहीत. तुमचं ऐकतील ते.”

“तुमच्या पंचायतीत आम्ही पडत नाही. संस्थेचा तसा नियम आहे.”

मला त्याचा गळा धरावासा वाटला. आमच्या चुलीत पडतात, आमच्या कवड्यांत पडतात, आमच्या दारूत पडतात, आणि नेमके पंचायतीत पडत नाहीत!

पंचायतीत मुख्य पंच ग्रोफो. त्याने स्वतः मेणबत्ती लावली. “ये पोरी,” तो म्हणाला. “माळ तू घेतली नाहीस असंच मला वाटतं. म्हण टोडोरचं नाव घेऊन, आणि जाऊ सगळे घरी जेवायला.”

“मी घेतली नाही, काका.”

“ते शपथेवर सांग.”

“नुसतंच सांगते. मी घेतली नाही.”

“बघा!” बोबू उडालाच. “पोराच्या नावाला घाबरते! खरी असती तर घाबरली असती का?”

मी मध्ये पडलो, चर्चचा नियम सांगितला. लोक हसले. चर्चमध्ये जाणारेही तिथे बसलेले होते, एकाने तोंड उघडलं नाही. ग्रोफोने पुन्हा विचारलं, पुन्हा विचारलं. शेवटी त्याने मेणबत्ती चिमटीने विझवली. म्हाताऱ्याला वाईट वाटत होतं, ते मला दिसलं. पण निकाल तोच. झंबिला वाळीत.

त्यानंतर तिच्या पेल्याला माझ्याशिवाय कोणी ओठ लावला नाही. नळावर ती आली की बायका हंडा उचलून बाजूला व्हायच्या. चर्चमध्येही तिच्या बाकावर ती एकटीच बसायला लागली, कारण तिथल्या बायका म्हणजे नळावरच्याच बायका.

मग हॉलंडहून पाद्र्याच्या संस्थेचे पाहुणे आले. त्या रविवारी पाद्र्याने वहिनीला पुढे बोलावलं होतं. ती खुशीत होती. “ब्रदर सगळ्यांसमोर सांगणार बहुतेक, मी का शपथ घेतली नाही ते,” म्हणाली. मलाही यायला लावलं. मी कधी नव्हे ते चर्चमध्ये जाऊन मागे उभा राहिलो.

पाद्र्याने माइक हातात घेतला. “आपल्या एका बहिणीच्या मनावर मोठं ओझं आहे. आज ती ते उतरवणार आहे. परमेश्वर क्षमा करणार नाही असं कुठलंही पाप नाही.”

वहिनीने त्याच्याकडे पाहिलं. “कुठलं पाप, ब्रदर?”

“तुम्हाला ठाऊक आहे, सिस्टर. कबूल करा, म्हणजे वस्तीशीही समेट होईल. आम्ही तुम्हाला टाकणार नाही.”

म्हणजे त्यालाही तेच वाटत होतं! जिने त्याच्या एका शब्दासाठी सगळी वस्ती तोडली, ती त्याच्या लेखी चोर होती, आणि हा मोठ्या मनाने चोराला पदरात घ्यायला निघाला होता.

वहिनीने त्याच्या हातातला माइक घेतला, दुसरा हात त्याच्याच बायबलवर ठेवला आणि म्हणाली, “पपिनाची माळ मी घेतली असेल, तर माझ्या टोडोरचं तोंड मला या जन्मी पुन्हा दिसू नये!”

सगळं चर्च उठून उभं राहिलं. पुरुषांनी माना खाली घातल्या, बायकांनी तोंडावर हात धरले. पाहुण्यांना वाटलं, प्रार्थना सुरू झाली. तेही उभे राहिले. पाद्र्याचा चेहरा पांढराफटक पडला. “सिस्टर, हे काय केलंत?” एवढंच तो म्हणाला.

पुढच्या रविवारी त्याने तिला प्रभुभोजनातून, म्हणजे चर्चमधल्या पवित्र भाकरीतून आणि द्राक्षरसातून, वगळलं. शपथ घेतली म्हणून. मी ग्रोफोकडे धावलो.

“काका, झाली ना शपथ? शंभर माणसांनी ऐकली.”

“शपथ पंचांसमोर, मेणबत्तीसमोर,” ग्रोफो म्हणाला. “पंचायत उठली ती उठली. आता तिचं तिच्या शपथेपाशी. पोरगा येतोच आहे नाताळला. आला की लोक आपोआप समजतील. मीच पहिला पाणी पिईन तिच्याकडे.”

नाताळला टोडोर आला नाही. त्याच्या कानावर सगळं गेलं होतं. माझ्या फोनवर तो ओरडून बोलला, “जे माझ्या आईवर थुंकले त्यांची तोंडं मी बघणार नाही, काका! त्या वस्तीत मी मेलो तरी पाय ठेवणार नाही. आईला म्हणावं तूच ये इकडे.”

वहिनी येत नाही म्हणाली. गेले तर पळाली म्हणतील, म्हणाली. आता तिसरा नाताळ आला. नळावर बायका एकमेकींना कोपर मारतात: बघा, लेकाचं तोंड दिसलं का तिला? लागली की नाही शपथ?

परवा मी पुन्हा फोन लावून तिच्या हातात दिला. ती त्याला एवढंच म्हणत राहिली, “एकदा ये रे. उभ्याउभ्या ये. नळापर्यंत चालत जा आणि परत जा.” तिकडून तो काय म्हणाला ते मला ऐकू आलं नाही. फोन माझ्याकडे देताना ती म्हणाली, “माझ्यावर जीव आहे त्याचा, भाऊजी. म्हणूनच येत नाही.”